बोटीला बोट

इंजिनावरचं झाकण पहिल्यांदा उचललं तेव्हा आत डोकावताना मी नकळत चपला काढायच्या बेतात होतो. काळं, कोरं, तेलाच्या एका थेंबाचाही डाग नसलेलं इंजिन. आणि त्याच्या प्रत्येक नटावर पिवळ्या रंगाचं एकेक बारीक बोट ओढलेलं, जणू कुणी सवाष्णीनं सगळ्यांना रांगेत उभं करून हळद लावली आहे. कारखान्यात नट हवा तेवढा आवळून झाला की ही रेघ मारतात. अर्धी नटावर, अर्धी खालच्या धातूवर. नट तसूभर फिरला तरी रेघ तुटते आणि कुणीतरी हात लावला हे कळतं. डीलरच्या माणसानं हे सारं फार कौतुकानं सांगितलं, आणि तितक्याच कौतुकानं झाकण लावून टाकलं.

"हे उघडायची वेळ तुमच्यावर येणारच नाही," तो म्हणाला. "वॉरंटी आहे."

मराठीत बोट म्हणजे पाण्यावरची ती, आणि बोट म्हणजे हाताचं ते. ती आणि ते यांची आपल्या आयुष्यात अशी गाठ पडेल, आणि पडून ती सुटता सुटणार नाही, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

आम्ही क्राइस्टचर्चला येऊन अकरा वर्षं झाली. स्वयंपाकघराचा ओटा बदलायला ठेवलेले पैसे बोटीत गेले, हे माझी बायको अजून पाहुण्यांना ओटा दाखवत सांगते. तिचा प्रश्न साधा होता : नदीवर जायचं म्हणून बोट घेतोयस, की बोट घ्यायची म्हणून नदी? मला उत्तर देता आलं नाही. नदी तर होतीच.

वायमाकारिरी शहराच्या उत्तरेनं जाते. माओरीत वाय म्हणजे पाणी आणि माकारिरी म्हणजे थंड, नावातच हुडहुडी. पश्चिमेच्या डोंगरांतून ती निघते आणि मैदानात आली की शाळेतून घरी आलेल्या पोरीनं वेण्या सोडाव्यात तशी मोकळी होते, दहा पेडांनी वाहते, दोन पेड एकत्र येतात, पुन्हा फुटतात, मध्ये करड्या गोट्यांची लांबट बेटं, आणि गेल्या महिन्यात जिथे धार होती तिथे आज कोरडे दगड ऊन खात पडलेले. पाण्याचा रंग पाटी धुतल्यावर उतरणाऱ्या पाण्यासारखा, करडा, आणि त्या करड्याच्या पोटात कुठेतरी निळा. वायव्येचा गरम वारा सुटला की मैदानात अंगाची लाही होते आणि त्याच वेळी तिकडे डोंगरात पाऊस कोसळत असतो. तुम्ही रणरणत्या उन्हात उभे असता आणि पायाखाली नदी चढत असते. कोकणातल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. आमच्याकडे पाऊस आणि पूर एकाच दारानं येतात.

अशा नदीत पंख्याची बोट चालत नाही. पंखा पहिल्याच गोट्यावर आपटून वाकडा व्हायचा. जेट बोटीच्या पोटाखाली एक जाळी असते. तिच्यातून पाणी वर ओढलं जातं, आतल्या चक्रात घुसळून त्याला जोर येतो, आणि मागच्या तोटीतून ते पिचकारीसारखं बाहेर फेकलं जातं. बोट पुढे जाते ती या फेकण्याच्या जोरावर. सुकाणूही नाही, तोटी वळवायची. त्यामुळे झोत आहे तोवर ती तुमचं ऐकते. झोत थांबला की ती पाण्याची. वेगात असली की अंग उचलून पाण्यावर नुसती टेकलेली असते, चार बोटं पाणी तिला पुरतं. पण वेग गेला की ती खाली बसते, आणि मग तिला जास्त पाणी लागतं. उथळ जागी घाबरून हळू व्हायचं नाही, हे शिकायला मला एक अख्खा उन्हाळा लागला. सगळ्या जन्माची सवय उलटी.

फोनवर बोट पहिल्यांदा दाखवली तेव्हा बाबांनी ती पुढून पाहिली, मागून पाहिली, आणि मग विचारलं, "पंखा कुठाय?"

त्यांचं आयुष्य भाऊचा धक्का ते रेवस या खेपांमध्ये गेलं. वर सुकाणूवर सारंग, खाली इंजिनाशी ड्रायव्हर, बाबा खालचे. आम्ही लहान असताना लाँचनं जायचो तेव्हा बाकीची पोरं वर सीगल बघत असत आणि मी त्या चौकोनी भोकातून खाली बघत असे, जिथून डिझेलची, गरम लोखंडाची आणि ओल्या सुताच्या बोळ्याची वाफ एकदम तोंडावर यायची. आत एक पिवळा बल्ब. बल्बखाली बाबांची पाठ. वरून सारंगानं घंटेची दोरी ओढली की ती पाठ हलायची आणि सबंध लाँचच्या फळ्यांचा थरकाप बदलायचा, आणि मला वाटायचं की लाँच चालते ती बाबांच्या पाठीवर. उधाणाच्या ओहोटीला रेवसच्या गाळात लाँच टेकायची. मग पाणी येईपर्यंत बसायचं. कुणी चिडायचं नाही, चिडून गाळ हलत नाही.

बाबा इंजिन ऐकायचे लाकडी मुठीच्या पेचकसानं. टोक इंजिनावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडावर. कानावर नाही, हाडावर; कारण डावा कान इंजिनानं कधीच खाल्ला होता. डोळे मिटायचे. एका सिलिंडरवरून दुसऱ्यावर टोक सरकवत न्यायचे, आमच्या डॉक्टरांनी छातीवरची नळी सरकवत न्यावी तसं. मग तेलाची पट्टी ओढायची, तेलाचा थेंब अंगठा आणि तर्जनी यांच्यात घेऊन चोळायचा, जरा वेळ चोळतच राहायचं. त्या दोन बोटांना काय सांगितलं जायचं हे मला कधी कळलं नाही.

लाँच मात्र त्यांची नव्हती. शेठची होती.

आपली बोट या देशात रांगली, हे मला घेताना माहीत नव्हतं. 1899 मध्ये जन्मलेले बिल हॅमिल्टन नावाचे एक मेंढपाळ शेतकरी, मॅकेन्झी प्रदेशात आयरिशमन क्रीक इथे राहणारे. आजूबाजूला सगळ्या अशाच उथळ, सुटलेल्या वेणीच्या नद्या, आणि त्यांना नदीच्या वरच्या अंगाला जायचं होतं. मेंढ्यांच्या शेतावरच त्यांनी कारखाना थाटला होता. पाण्याच्या झोतावर बोट चालवायची कल्पना जुनीच होती, तिचं श्रेय ते हसून आर्किमिडीजला देत. त्यांनी 1950 नंतरच्या दशकात केलं ते एवढंच की झोत पाण्याखाली न सोडता पाण्याच्या वर, हवेत सोडला. एवढंच. वीतभर वर. आणि बोट नदी चढू लागली. 1960 मध्ये त्यांच्या बोटी कोलोरॅडो नदीवर ग्रँड कॅन्यनमधून प्रवाहाच्या उलट वर गेल्या. 1977 मध्ये एडमंड हिलरी तीन जेट बोटी घेऊन गंगासागरापासून गंगेत शिरले आणि वर, वर, नंदप्रयागच्या आसपास धबधबा आडवा येईपर्यंत गेले. बोटींची नावं गंगा, किवी आणि एअर इंडिया. पत्नी आणि धाकटी मुलगी काठमांडूजवळच्या विमान अपघातात जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. नदीच्या उलट दिशेनं जाणाऱ्या माणसाच्या मनात काय असतं हे मी कुठे वाचलेलं नाही. पण घाटाघाटावर उभ्या असलेल्या त्या गर्दीला, मला वाटतं, ते इंजिनापेक्षा जास्त कळलं असेल. समुद्राकडून हिमालयाकडे निघालेला माणूस ओळखायला आपल्याला पंखा दिसावा लागत नाही.

बाबांना ते वर्तमानपत्रातलं चित्र आठवतं. "पण त्यांच्याबरोबर मिस्त्री असणार," ते म्हणाले.

डिसेंबरातली सकाळ. मी आणि मुलगा. नदीच्या मधल्या एका पेडात, तळाचे गोटे दिसतील इतक्या उथळ जागी, बोट आपल्या त्या घट्ट, एकसुरी किंकाळीत निघाली होती, पाणी दोन्ही अंगांनी काचेसारखं फाटत होतं, मुलगा ओरडत काहीतरी सांगत होता आणि ते वाऱ्यानं माझ्या कानापर्यंत पोचायच्या आत मागे नेलं होतं, उन्हाचे तुकडे पुढच्या वळणावर विखुरलेले होते आणि मी त्या वळणाच्या आतल्या बाजूची खोल धार डोळ्यांनी पकडत होतो, तेवढ्यात एक बारीक पिपाणी वाजली, पडद्यावर लाल अक्षरं आली, आणि इंजिनानं जीव सोडून दिला. बंद नाही पडलं. स्वतःला जपायला त्यानं आपले फेरे आपणच कमी केले. नव्या इंजिनांना ती अक्कल दिलेली असते. पण नदीला ते कुठे ठाऊक? बोटीचा वेग गेला, अंग खाली आलं, आणि पोटाखालून गोट्यांचा एक लांब, करकरीत आवाज आला. पाटीवर नख ओढल्यासारखा.

मग शांत.

मी चावी फिरवली नाही. पाणी घोट्यापर्यंत होतं. समोरच्या गोट्यांवर एक लहानसा करडा पक्षी धावत होता, थांबत होता, दगडाच्या कडेखाली चोच घालत होता. त्याची चोच एका बाजूला वळलेली असते, नेहमी उजवीकडेच. जगात अशी आडवी चोच दुसऱ्या कुठल्या पक्ष्याला नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, याची चोच वॉरंटीत बदलून मिळेल का?" मी हसलो, आणि हसताना लक्षात आलं की माझे हात थरथरताहेत.

झाकण उघडायची मनाई, पण तेलाची पट्टी बघायला मालकाला मुभा असते. तेवढं एकच छिद्र माझं. पट्टी ओढली. तेल दुधाळ होतं, दूध जास्त झालेल्या कॉफीसारखं. अंगठ्यानं आणि तर्जनीनं चोळलं. बोटांना काही सांगितलं गेलं नाही. पण तेलात पाणी आहे हे समजायला बाबांची बोटं लागत नाहीत.

याआधी चौदाव्या तासाला असाच एक अलार्म झाला होता. तेव्हा डीलरकडच्या पोरानं लॅपटॉप जोडला, कोड वाचला, पुसला, आणि म्हणाला, सेन्सर असेल. आता सदतिसावा तास. बोटींचं वय वर्षांत मोजत नाहीत, इंजिन चाललेल्या तासांत मोजतात, आणि सदतीस तास म्हणजे अजून अंगावरची लव गेलेली नाही. मी बोट ओढून डीलरकडे नेली. पुन्हा लॅपटॉप. इंजिनाला सगळं आठवत होतं : कुठल्या तासाला किती फेरे, किती तापमान, कितीदा किंचाळलं. स्मरणशक्ती अशी की साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करावं. तो माणूस पडदा बघत राहिला, आणि मग माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं, "धुताना नळ कधी बंद करता?"

खाऱ्या पाण्यात बोट नेली की घरी आल्यावर नळाला पाइप लावून तिच्या आतून गोडं पाणी फिरवायचं असतं. त्याचा एक क्रम आहे. आधी इंजिन सुरू, मग नळ. थांबवताना आधी नळ बंद, मग इंजिन. क्रम चुकला, इंजिन थांबलेलं असताना पाणी येत राहिलं, तर ते धुराच्या वाटेनं उलटं चढतं आणि सिलिंडरात शिरतं. पुस्तिकेत हे चौकटीत छापलं आहे. मी कधी चुकलो नव्हतो.

असं मी म्हणालो.

आणि त्या रात्री अंथरुणात मला नोव्हेंबरातला एक रविवार आठवला. लिटलटनच्या बंदरात गेलो होतो, म्हणजे समुद्रात. संध्याकाळचे आठ, अजून लख्ख उजेड, घरासमोर ट्रेलरवर बोट, पाइप लावलेली, इंजिन चालू, तोटीतून पाण्याची बारीक धार रस्त्यावर. तिकडे दुपारचे साडेबारा. जेवायला बसण्याआधी बाबांचा फोन येतो, त्या दिवशीही आला. मी म्हटलं, बाबा, ऐका, इंजिन ऐका, आणि फोन इंजिनाजवळ नेला. "काही येत नाही," ते म्हणाले. "तुझाच आवाज येतो." आणखी जवळ नेला. "छे. तू बोल." मग कळलं की फोनला शिकवलं आहे : एकसारखा येणारा आवाज तो गोंगाट समजून गाळून टाकतो आणि माणसाचा तेवढा ठेवतो. चाळीस वर्षं ज्या माणसानं माणसांचा आवाज गाळून इंजिनाचा ठेवला, त्याला मी हे समजावून सांगत होतो, आम्ही दोघंही हसत होतो, आणि हसता हसता मी हात मागे नेऊन काहीतरी बंद केलं.

नळ? की चावी?

हात आठवतो. हाताचा मागे जाणारा वळसा आठवतो, मनगटावर उडालेलं पाणी आठवतं, रस्त्यावर सांडलेल्या पाण्यात पलीकडच्या घराच्या खिडकीचा पिवळा तुकडा आठवतो. बोटं कशावर टेकली ते आठवत नाही. इंजिनाच्या पोटातली ती लखलखीत नोंदही इथे मुकी आहे. नळाची आठवण तिच्यात ठेवलेली नाही.

त्यानंतरचे चार महिने बोट डीलरच्या आवारात आणि मी पत्रव्यवहारात. त्यांची पत्रं गोड असत. आपली चिंता आम्ही समजू शकतो. प्रकरण उत्पादकाकडे पाठवले आहे. पुरावा मालकाच्या हाताळणीकडे निर्देश करतो. हाताळणी! मला तो शब्द वाचून दर वेळी हसू येई. ज्या यंत्राला हात लावायची बंदी, त्याची हाताळणी. उन्हाळा माझ्याशिवाय नदीवर गेला. घरासमोरच्या काँक्रीटवर ट्रेलरच्या चाकांचे दोन फिकट चौकोन उरले होते, आणि संध्याकाळी त्यांच्यात मांजर येऊन बसे.

शेजारी निवृत्त शेतकरी. कुंपणावर कोपर टेकवून एकदा म्हणाला की वॉरंटीच्या कागदाला फार भिऊ नकोस, इथे 1993 चा ग्राहक हमी कायदा आहे, विकलेली वस्तू धड असली पाहिजे ही जबाबदारी विकणाऱ्याची, उत्पादकाकडे बोट दाखवून त्याला सुटता येत नाही. आणि नाहीच ऐकलं तर विवाद न्यायाधिकरण आहे, तिथे वकील लागत नाही, समोरासमोर बसून आपलं म्हणणं सांगायचं. मी रात्री बसून ते सगळं वाचलं. कायदा माझ्या बाजूचा होता. चौदाव्या तासाचा अलार्म माझ्या बाजूचा होता, तो त्या रविवारच्या कितीतरी आधी झाला होता. मी तारखा लावून तीन पानं लिहून काढली, स्वच्छ, मुद्देसूद. त्या रविवारचा उल्लेख त्यांत नव्हता.

बाबांना मी इंजिनाचं जुनं रेकॉर्डिंग पाठवलं होतं, बिघडायच्या आधीचं. दोन दिवसांनी उत्तर आलं. "रेकॉर्डिंगवरून काय कळतंय? हात लावून बघ." मी म्हटलं, हात लावायचा नाही, लावला तर गॅरंटी जाते. पलीकडे बराच वेळ काही नाही. फोननं काही गाळलं असावं असं मला वाटलं.

मग ते शेठबद्दल बोलले. एरवी ते कधी बोलत नाहीत. एका खेपेला, धक्क्यापासून तासाभरावर, इंजिन बसलं. रात्र होती, लोक ओरडत होते, दुसरी लाँच येऊन ओढून नेईपर्यंत बाबा खाली एका बल्बात होते. दुसऱ्या दिवशी शेठनं एकच विचारलं : तू काय केलंस? इंजिन अठरा वर्षांचं होतं, सुटे भाग शेठ आणत नव्हता, हे सगळ्या धक्क्याला माहीत होतं. पण शेवटचा हात बाबांचा. पंधरा दिवसांचा पगार कापला.

"आणि तुम्ही काही केलं होतं का?" मी विचारलं.

"तेच अजून आठवत बसतो," ते म्हणाले.

एप्रिलमध्ये डीलरचं पत्र आलं. कोणतीही जबाबदारी मान्य न करता, निव्वळ सदिच्छा म्हणून, इंजिन बदलून देण्यात येत आहे. माझी तीन पानं पाकिटातच राहिली. बायको म्हणाली, सुटलो. मीही म्हणालो. सुटलोच होतो, पण परीक्षेत शेजाऱ्याचं बघून लिहिलं की काय अशी शंका येऊन पास झालेल्या पोरासारखा.

बोट आली तेव्हा शिशिर लागला होता, रस्त्याकडेच्या झाडांखाली पिवळ्या पानांचा चिखल. मी झाकण उचललं. नवं इंजिन, काळं, कोरं, नटानटावर हळद. इथे येताना बाबांच्या हत्यारांतून एक गोष्ट मी मागून आणली होती, लाकडी मुठीचा तो पेचकस, तेलानं मूठ शिसवीसारखी झालेली. इतकी वर्षं तो रंगाचे डबे उघडायच्या कामी आला. तो घेतला. पाइप लावली. इंजिन. मग नळ. मोठ्यानं म्हणत केलं, मुंजीतल्या बटूसारखं. पेचकसाचं टोक एकाही पिवळ्या रेघेला लागणार नाही अशा जागी टेकवलं, मूठ कानामागच्या हाडावर ठेवली, डोळे मिटले.

फोन खिशात थरथरला. तिकडे साडेबारा नसतील, लवकर केला होता.

आत खूप काही होतं. एक जाड घरघर, तिच्याखाली एक टकटक, टकटकीच्याही खाली एक मंद ठोका, आणि तो इंजिनाचा की माझ्याच कानशिलातला हे काही केल्या उमगेना. मी दुसऱ्या सिलिंडरवर टोक नेलं. तिसऱ्यावर. ठोका बरोबर येत राहिला. मग नळ बंद केला. मग इंजिन.

फोन घेतला. "लावलास हात?" बाबांनी विचारलं.

"लावला."

"कसं आहे?"

"चांगलं आहे," मी म्हणालो.

"चांगलं म्हणजे कसं?"

तोटीतून पाणी अजून ठिबकत होतं. मी पेचकस दुसऱ्या हातात घेतला आणि थेंब मोजत राहिलो.